मास्ट सेल स्टॅबिलायझर: औषध कुचकामी, की वापरायची वेळ चुकते?

काउंटरवाला
सोडियम क्रोमोग्लायकेटचे डोळ्यांचे थेंब लिहिलेली चिठ्ठी घेऊन माणूस येतो, थेंब नेतो आणि तिसऱ्या दिवशी परत येतो. "हे काही लागू पडत नाही, दुसरं द्या." दुसरं म्हणजे बहुतेकदा शेजाऱ्याने सुचवलेले स्टेरॉईडचे थेंब. दम्याच्या लहान मुलांना दिलेल्या केटोटिफेनच्या सिरपचंही तेच. आठ दिवसांत "फरक नाही" म्हणून बाटली बंद.

माझं मत असं की मास्ट सेल स्टॅबिलायझर, म्हणजे मास्ट पेशींना फुटू न देणाऱ्या या गटातली औषधं वाईट नाहीत, ती चुकीच्या अपेक्षेने घेतली जातात. थोडक्यात कारण सांगतो. डोळ्यांचं आणि नाकाचं अस्तर, श्वासनलिका, आतडं, त्वचा इथे मास्ट पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन भरलेले कण असतात आणि पृष्ठभागावर आयजीई नावाच्या, अ‍ॅलर्जीच्या अँटिबॉडी चिकटलेल्या असतात. परागकण किंवा धुळीतल्या किड्याचं प्रथिन आलं, त्याने शेजारच्या दोन आयजीई एकमेकींना जोडल्या, की पेशीत कॅल्शियम शिरतं आणि काही मिनिटांत कण बाहेर फुटतात. खाज, पाणी, शिंका सुरू. सेटिरिझिनसारखी औषधं बाहेर पडलेल्या हिस्टामिनची वाट अडवतात. क्रोमोग्लायकेट पेशी फुटण्याच्या आधीचं काम करतं. फुटून गेलेल्या पेशीवर त्याचा काही इलाज नाही.

तर प्रश्न असा: जाणकारांनो, आजच्या घडीला ही औषधं नेमकी कुठे वापरण्यासारखी आहेत आणि कुठे नाहीत?

शिंकेश्वर
म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बारीक करून उपयोग नाही, असंच ना?

काउंटरवाला
@शिंकेश्वर, तसंच. आणि दूध रोज तापवायचं असेल तर रोज लक्ष ठेवावं लागतं, हेही आलंच.

छातीडॉक्टर
धागा चांगला आहे. दम्याचं आधी बोलतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे.

क्रोमोग्लायकेट श्वासनलिका रुंद करत नाही. म्हणजे धाप लागलेली असताना त्याचा पंप ओढून काहीही होणार नाही. तिथे नळ्या लगेच रुंद करणारं साल्ब्युटामॉल किंवा फॉर्मोटेरॉल-बुडेसोनाइडच लागतं. क्रोमोग्लायकेट घ्यायचं ते दिवसातून चार वेळा, रोज, बरं वाटत असतानासुद्धा. आणि ते कामाला येतंय की नाही हे ठरवायला चार ते सहा आठवडे द्यायचे. चार वेळा का? शरीरात गेलेल्या औषधाचा अर्धा आयुष्यकाळ साधारण दीड तास आहे, म्हणून. ते यकृतात मोडत नाही, जसंच्या तसं लघवी आणि पित्तातून बाहेर पडतं. सुरक्षित आहे, पण टिकत नाही.

आता कडवट भाग. मुलांमध्ये रोजचं औषध म्हणून श्वासातून घ्यायच्या क्रोमोग्लायकेटचे प्रयोग २००३ साली कॉक्रेन या पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात एकत्र तपासले गेले. प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली मात्रेपेक्षा) ते ठामपणे चांगलं आहे असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. त्याचा भाऊबंद नेडोक्रोमिल. अमेरिकेत ५ ते १२ वयाच्या १०४१ मुलांवर चार-सहा वर्षं बुडेसोनाइड (श्वासातून घ्यायचं स्टेरॉईड), नेडोक्रोमिल आणि प्लासिबो यांची तुलना झाली. निष्कर्ष २००० साली आले. नेडोक्रोमिलमुळे तातडीने दवाखाना गाठायच्या वेळा आणि तोंडावाटे स्टेरॉईडचे कोर्स थोडे कमी झाले, पण फुफ्फुसाच्या क्षमतेत प्लासिबोच्या पुढे काही नाही. बुडेसोनाइड जवळपास प्रत्येक बाबतीत सरस. म्हणून आजच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत क्रोमोनचं (म्हणजे क्रोमोग्लायकेट आणि नेडोक्रोमिल यांचं) वर्णन "सुरक्षित, पण परिणाम कमी" असंच आहे. दम्यात ते मागच्या बाकावर गेलं ते कुणाच्या कटामुळे नाही.

रानजाई
पण डॉक्टरसाहेब, त्याच अभ्यासात बुडेसोनाइडच्या मुलांची उंची कमी भरली होती ना? पालक स्टेरॉईडला घाबरतात ते उगाच नाही.

छातीडॉक्टर
@रानजाई, बरोबर. फरक सरासरी सुमारे १ सें.मी.चा. तो मुख्यतः सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत पडला, नंतर वाढत गेला नाही, पण मोठेपणी भरूनही निघाला नाही. हा आकडा पालकांपासून लपवू नये. मात्र दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही सांगावं: नीट ताब्यात नसलेला दमा, रात्री बसून काढणं, शाळा बुडणं, आणि प्रत्येक अटॅकला तोंडावाटे दिलेला प्रेडनिसोलोनचा कोर्स. एका कोर्समध्ये जेवढं स्टेरॉईड रक्तात जातं त्यापुढे पंपातलं किरकोळ असतं. शिवाय कमीत कमी मात्रा, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) आणि नंतर चूळ, एवढं पाळलं की पंपातलं आणखी कमी होतं.

गोळीबंद
एक बेसिक शंका. क्रोमोग्लायकेट एवढं सुरक्षित आहे तर त्याची गोळी का नाही काढली? चार वेळा पंप ओढण्यापेक्षा बरं.

औषधशास्त्री
@गोळीबंद, कारण ते आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही. तोंडावाटे घेतलेल्यापैकी १ टक्क्याहून कमी शोषलं जातं. रेणू पाण्यात विरघळतो पण पेशींच्या तेलकट आवरणातून पार होत नाही. म्हणून ते जिथे लावाल तिथेच काम करतं: डोळ्यात घातलं तर डोळ्यात, नाकात मारलं तर नाकात, गिळलं तर आतड्यात. नाकाच्या स्प्रेने दमा सुधारेल किंवा डोळ्यांच्या थेंबांनी शिंका थांबतील असं होत नाही. या एका गुणामुळेच ते सुरक्षितही आहे आणि अडचणीचंही. गरोदरपणात डॉक्टर त्याचा विचार करतात तो याच कारणाने.

केटोटिफेनचं गणित वेगळं. ते गोळीतून शोषलं जातं आणि एच-१ अँटिहिस्टामिनही आहे, म्हणजे सेटिरिझिनसारखं हिस्टामिनही अडवतं. दोघांना एकाच गटात घालतात, पण स्वभाव अगदी निराळे.

आणि पेशी स्थिर होते म्हणजे नेमकं काय होतं, याचं पूर्ण उत्तर अजून नाही. क्लोराइडच्या वाहिन्या अडवल्या जातात असा एक पुरावा आहे. जीपीआर-३५ नावाच्या ग्राहीवर (पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनावर) ते काम करतं हे २०१० च्या सुमारास पुढे आलं. श्वासनलिकेतल्या संवेदी नसांवरही परिणाम दिसतो, म्हणून थंड हवा आणि सल्फर डायऑक्साइडसारख्या, अ‍ॅलर्जी नसलेल्या चिथावणीलाही ते थोडंफार अडवतं.

खोकलेबुवा
औषध बाजारात येऊन पन्नास वर्षं उलटली आणि ते कसं चालतं हे नक्की नाही? वा!

औषधशास्त्री
@खोकलेबुवा, जन्मकथा ऐकाल तर आणखी "वा" म्हणाल. इजिप्त आणि भूमध्य समुद्राकाठी खेल्ला नावाची वनस्पती आहे, बडीशेपेच्या कुळातली. तिच्या बियांतलं खेलिन स्नायू सैल करतं हे माहीत होतं. त्यावरून इंग्लंडमध्ये चेशायरमधल्या बेंगर प्रयोगशाळेत क्रोमोन गटाची संयुगं बनवायला सुरुवात झाली. ही प्रयोगशाळा फायसन्स या कंपनीची. तिथे रॉजर अल्टून्यान नावाचे डॉक्टर होते. जन्म १९२२, सीरियातल्या अलेप्पोचा, स्वतः दमेकरी. प्राण्यांवरच्या चाचण्या माणसाच्या दम्याशी जुळत नाहीत असं त्यांचं मत होतं. त्यांना गिनीपिगची अ‍ॅलर्जी होती. मग गिनीपिगच्या केसांचा अर्क काढून तो ते स्वतः हुंगायचे, दमा चढवायचे आणि एका सेकंदात किती हवा बाहेर फुंकता येते ते मोजायचे. दुसऱ्या खेपेस आधी नवं संयुग ओढायचं, मग अर्क, मग पुन्हा मोजमाप. वर्षानुवर्षं, शेकडो संयुगं. १९६५ मध्ये जे संयुग टिकलं ते सोडियम क्रोमोग्लायकेट. काही वर्षांत ते इंटाल या नावाने इंग्लंडात विकायला आलं, अमेरिकेत १९७३ मध्ये परवानगी मिळाली.

गंमत पुढेच आहे. औषध म्हणजे कोरडी पावडर, ती छातीत पोचवायची कशी? अल्टून्यान दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते. त्यांनी आत छोटा पंखा असलेलं स्पिनहेलर बनवलं. २० मि.ग्रॅ.ची कॅप्सूल त्यात अडकवायची, भोक पाडायचं, जोरात श्वास ओढला की पंखा गरगरतो आणि पावडर उडते.

शिंकेश्वर
गिनीपिगने माणसावर केलेला प्रयोग म्हणायचा हा!

पफमोजणी
स्पिनहेलरवरून पावडरच्या पंपांबद्दल एक सांगतो, कारण आपल्याकडे रोटाकॅप (पंपात घालायच्या पावडरच्या कॅप्सूल) वापरणारे लाखो आहेत आणि चूक तीच होते. पावडरच्या पंपात औषध उडवायची ताकद तुमच्या श्वासाचीच असते. म्हणून श्वास जोरात आणि खोल. गॅसच्या पंपात उलट: श्वास सावकाश, स्पेसर लावून. दोन्हींची अदलाबदल केली की औषध घशात. पावडरच्या पंपात कधीही फुंकू नका, तोंडातल्या दमटपणाने गोळे होतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कॅप्सूलची बाटली उघडी राहिली तरी हेच होतं.

क्रोमोग्लायकेटच्या पावडरला आणखी एक खोड होती. पावडरनेच खोकला उठायचा, क्वचित नळ्या आवळायच्या. म्हणून काही जणांना आधी साल्ब्युटामॉलचे पफ देऊन मग हे द्यायचे. गॅसच्या पंपातली मात्रा देशागणिक वेगळी होती: इंग्लंडात एका पफला ५ मि.ग्रॅ., अमेरिकेत ८०० मायक्रोग्रॅम. जुने शोधनिबंध वाचताना "दोन पफ" एवढंच पाहून तुलना केली तर फसगत होते.

मग ओझोन वाचवायला मॉन्ट्रियल कराराने पंपांत वापरला जाणारा सीएफसी गॅस हद्दपार केला. साल्ब्युटामॉलचे पंप नव्या गॅसवर आले, कारण खप होता. अमेरिकेत नेडोक्रोमिलचा पंप जून २०१० आणि क्रोमोग्लायकेटचा डिसेंबर २०१० ही शेवटची मुदत होती. त्यांना नव्या गॅसवर आणायला कुणी पुढे आलं नाही. तिथे नेब्युलायझरचं द्रावण मात्र उरलं, २ मि.लि.मध्ये २० मि.ग्रॅ.

धावपटू_ठाणे
व्यायामाने येणाऱ्या दम्यात याचा उपयोग होतो असं वाचलं होतं. पळण्याच्या आधी घ्यायचं म्हणे. आणि उत्तेजक चाचणीत अडकायला होतं का?

छातीडॉक्टर
@धावपटू_ठाणे, होतो, आणि दम्यातली ही त्याची सर्वांत स्वच्छ जागा होती. पळण्याच्या १०-१५ मिनिटं आधी, फार तर तासभर आधी एकदा. चार आठवड्यांची वाट नाही, कारण इथे काम एकाच चिथावणीपुरतं. साल्ब्युटामॉलपेक्षा परिणाम कमी. मात्र साल्ब्युटामॉल रोज घेत राहिलं तर पळण्याआधीच्या संरक्षणाची धार बोथट होते, तो दोष यात नाही. पण आज पंप मिळणार कुठून? म्हणून व्यवहारात नियमित बुडेसोनाइड, किंवा पळण्याआधी फॉर्मोटेरॉल-बुडेसोनाइड, आणि १० ते १५ मिनिटं चढउतार ठेवून वॉर्म-अप. जानेवारीच्या पहाटे नाका-तोंडावर कपडा.

उत्तेजक यादीत क्रोमोग्लायकेट नाही. साल्ब्युटामॉल पंपातून २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. त्यापुढे अडचण.

डोळस
सगळे छातीतच अडकलेत. मूळ धागा डोळ्यांच्या थेंबांवरून सुरू झाला होता, आणि या गटाचं खरं घर आज डोळा आहे.

डोळ्यांत तीन प्रकार लक्षात ठेवा. एक, निव्वळ स्थिर करणारे: क्रोमोग्लायकेट २ किंवा ४ टक्के, दिवसातून चार ते सहा वेळा, लोडोक्सामाइड ०.१ टक्का, चार वेळा. यांना दिवस लागतात, काहींना दोन आठवडे. दोन, दुहेरी काम करणारे: ओलोपाटाडिन ०.१ टक्का दिवसातून दोनदा, ०.२ टक्के एकदा, केटोटिफेन ०.०२५ टक्के, ८ ते १२ तासांनी, दोनदा. हे हिस्टामिनही अडवतात म्हणून खाज काही मिनिटांत कमी होते आणि पेशीही शांत राहते. आज नेत्रतज्ज्ञ सुरुवातच यांनी करतात. तीन, निव्वळ लाली घालवणारे, नाफाझोलीनवाले. ते रक्तवाहिन्या आवळतात, अ‍ॅलर्जीवर काही करत नाहीत, आणि सोडले की डोळा आधीपेक्षा लाल.

काउंटरवाल्यांच्या तिसऱ्या दिवशी परत येणाऱ्या गिऱ्हाइकाला बहुधा दुसरा प्रकार द्यायला हवा होता, किंवा पहिला देताना "पंधरा दिवस, चार वेळा, खाज नसली तरी" असं सांगायला हवं होतं.

काउंटरवाला
@डोळस, सांगतो हो. पण चिठ्ठीवर दिवसांची संख्या नसते, आणि पेशंट म्हणतो "खाज सुटली की घालीन."

डोळस
तेच तर. आता स्टेरॉईडच्या थेंबांचं. इथे मी थोडं कडक बोलणार आहे.

आपल्याकडे ५ ते १५ वयाच्या मुलग्यांत उन्हाळी डोळे येण्याचा एक चिवट प्रकार दिसतो, व्हर्नल. प्रचंड खाज, दोरीसारखा चिकट स्राव, उजेड सहन न होणं, वरच्या पापणीच्या आत फरसबंदीसारखे उंचवटे, बुबुळाच्या कडेला पांढरे ठिपके. वर्षानुवर्षं उन्हाळा आला की उसळतो, वयात आल्यावर बहुतेकांचा विझतो. डेक्सामेथासोनचे थेंब घातले की दोन दिवसांत मूल हसायला लागतं. मग ती बाटली घरात कायमची. चिठ्ठी न दाखवता पुन्हा पुन्हा आणली जाते. काही आठवड्यांत डोळ्यातला दाब वाढू शकतो, आणि तो दुखत नाही. मूल तक्रार करत नाही. कळतं तेव्हा काचबिंदूने नस वाळलेली असते, किंवा मोतीबिंदू सुरू झालेला असतो. अ‍ॅलर्जीने दृष्टी गेली नसती ती थेंबांनी जाते.

स्टेरॉईड कधीच नको असं नाही. बुबुळावर जखम झाली किंवा उसळी जबर असली तर तेच लागतं, पण मोजक्या दिवसांसाठी, दाब मोजत. त्याच दिवसापासून ओलोपाटाडिन किंवा क्रोमोग्लायकेट सोबत सुरू करतात, म्हणजे स्टेरॉईड उतरवलं की मागे आधार असतो. त्यानेही भागलं नाही तर सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचं मलम, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. आणि मुलाला डोळे चोळू देऊ नका. चोळून चोळून बुबुळ शंकूसारखं पुढे येतं. खाज आली की थंड पाण्याची पट्टी.

रानजाई
+१. हे वेगळं काढून शाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकण्यासारखं आहे.

लेन्सवाली
कॉन्टॅक्ट लेन्सबरोबर चालतं का? बाटलीवर बारीक अक्षरात काहीतरी असतं.

डोळस
@लेन्सवाली, बहुतेक बाटल्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे संरक्षक असतं. मऊ लेन्स ते शोषून घेते आणि दिवसभर डोळ्याला सोडत राहते. ओलोपाटाडिन, केटोटिफेनला: लेन्स काढा, थेंब घाला, निदान १०-१५ मिनिटांनी लेन्स. क्रोमोग्लायकेट दिवसभर घालायचं असल्याने त्या काळात चष्माच. डोळा लाल असेल तर कुठल्याच थेंबाबरोबर लेन्स नको.

पद्धतही सांगून टाकतो. हात धुवा. मान मागे, खालची पापणी ओढून खिसा करा, एकच थेंब. टोक पापणीला लागू देऊ नका. डोळा हळू मिटा, आवळू नका, आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा, नाहीतर थेंब नाकात उतरतो आणि घशात कडू लागतं. दोन थेंब घातल्याने दुप्पट काम होत नाही. डोळ्यात एकच मावतो, दुसरा गालावर. वेगवेगळ्या औषधांत ५ मिनिटांचं अंतर. बाटली फोडल्यापासून चार आठवड्यांनी फेकायची, आत कितीही उरलेलं असो.

नाकपुराण
नाकाची बाजू कुणी घेतली नाही म्हणून. क्रोमोग्लायकेटचा नाकाचा स्प्रे अमेरिकेत १९९७ पासून चिठ्ठीशिवाय मिळतो. प्रत्येक नाकपुडीत एक फवारा, दिवसातून तीन-चार वेळा, जास्तीत जास्त सहा. फुलोरा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी सुरू करायचा. परिणाम स्टेरॉईडच्या स्प्रेपेक्षा कमी, म्हणून मध्यम किंवा जास्त त्रासाला फ्लुटिकासोन, मोमेटासोन हेच पहिले. मात्र मांजर असलेल्या घरी पाहुणे म्हणून जायचंय, जुनं कपाट काढायचंय, अशा ठरलेल्या भेटीआधी घ्यायला तो चांगला.

चूक कुठे होते: नाक चोंदलेलं असताना मारला की औषध दारातच. आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवा (पाणी उकळून गार केलेलं). मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीला डावा हात, नळी मधल्या पडद्याकडे नाही तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने. जोरात हुंगू नका. आणि चोंदलेलं नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलीनचे थेंब तीन ते पाच दिवसांच्या वर नकोत, नाक त्यांच्यावाचून उघडेनासं होतं.

पुणेरी_पराग
पुण्यात आठवडाभर आधी म्हणजे नक्की कधी? गाजर गवत तर पाऊस पडला की कधीही फुलतं.

नाकपुराण
@पुणेरी_पराग, म्हणून तर आपल्याकडे हे कठीण. युरोपात बर्च झाडाच्या परागांचा मोसम तारखेसारखा येतो. गाजर गवत ५० च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि आता ओल मिळेल तिथे, मिळेल तेव्हा फुलतं. त्यात गादी-उशीतले धुळीचे किडे बारमाही. हवेत दमटपणा ५० टक्क्यांच्या वर असला की ते मजेत. बारा महिने चार वेळा स्प्रे कोण मारणार? तिथे दिवसातून एकदाचा स्टेरॉईड स्प्रे, उशी-गादीला दाट विणीची खोळ आणि चादरी आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात, हा जास्त शहाणा मार्ग. थंडीत पेटीतून काढलेल्या गोधड्या आधी धुवा, मग अंगावर घ्या.

आजीचा_बटवा
एवढं सगळं रासायनिक घेण्यापेक्षा क्वेर्सेटिन नैसर्गिक मास्ट सेल स्टॅबिलायझर आहे. कांद्यात भरपूर असतं. परदेशात लोक कॅप्सूल घेतात.

औषधशास्त्री
@आजीचा_बटवा, परीक्षानळीत क्वेर्सेटिन मास्ट पेशींना शांत करतं, हे खरं. पण तोंडावाटे ते फार कमी शोषलं जातं आणि तेवढी पातळी रक्तात गाठणं अवघड. दम्याच्या औषधाऐवजी घेण्याजोगा पुरावा नाही. आणि "नैसर्गिक" म्हणाल तर क्रोमोग्लायकेटचं मूळही बियांतच आहे, वर लिहिलंय.

शिंकेश्वर
कांद्याने डोळ्याचं पाणी थांबतं हा शोध नवा!

बालदमा
केटोटिफेनवर बोलायचं राहिलं. भारतात या गटातलं तोंडावाटे सर्वाधिक लिहिलं जाणारं हेच. मोठ्यांना १ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर. गरज पडल्यास २ मि.ग्रॅ. दोनदा. झोप येते म्हणून पहिले काही दिवस फक्त रात्री. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला किलोमागे ०.०५ मि.ग्रॅ. दोनदा, तीन वर्षांपुढे १ मि.ग्रॅ. दोनदा. सिरप ५ मि.लि.मध्ये १ मि.ग्रॅ. असतं. म्हणजे १० किलोच्या बाळाला एका वेळी अडीच मि.लि. घरातला चमचा वापरू नका, बाटलीबरोबरचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या.

दम्यात पूर्ण परिणामाला ६ ते १२ आठवडे. आठ दिवसांत बंद केलेल्या बाटलीने काही सिद्ध होत नाही. सौम्य ते मध्यम दमा असलेल्या मुलांत श्वास मोकळा करणाऱ्या औषधाची गरज त्याने कमी होते असा पुरावा आहे, पण श्वासातल्या स्टेरॉईडची जागा ते घेत नाही. भूक आणि वजन वाढतं. झटके येणाऱ्या मुलांत जपून. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर प्लेटलेट कमी झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे ती जोडी टाळतात. झोपेच्या गोळ्या, दारू यांनी गुंगी वाढते. गाडी चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आणि केटोटिफेन सुरू केलं म्हणून आधीचा पंप परस्पर बंद करायचा नाही.

खोकलेबुवा
त्यापेक्षा माँटेलुकास्ट बरं ना, रात्री एक गोळी आणि विषय संपला?

बालदमा
@खोकलेबुवा, त्या एका गोळीनेच क्रोमोग्लायकेटचा बाजार उठवला, हे खरं. पण विषय संपत नाही. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने माँटेलुकास्टवर सर्वांत कडक इशारा लावला: वाईट स्वप्नं, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार. साध्या सर्दी-शिंकांना ते पहिलं औषध म्हणून देऊ नये असंही सांगितलं. आपल्याकडे लेवोसेटिरिझिनबरोबरची जोडगोळी चणे-फुटाण्यांसारखी खपते.

न्यूजर्सीकर
इथे अमेरिकेत तोंडावाटे घ्यायचं क्रोमोलिनही (क्रोमोग्लायकेटचंच इथलं नाव) मिळतं, ५ मि.लि.च्या अँप्युलमध्ये १०० मि.ग्रॅ. ते मॅस्टोसायटोसिससाठी, म्हणजे मास्ट पेशीच फाजील वाढतात त्या आजारासाठी. मोठ्यांना २०० मि.ग्रॅ. चार वेळा: जेवणाआधी अर्धा तास आणि झोपताना. ग्लासभर साध्या पाण्यात ओतून ढवळून सगळं प्यायचं. दूध, ज्यूस, जेवणात मिसळायचं नाही. गढूळ झालेली अँप्युल फेकायची. जुलाब, पोटदुखी, लाली, खाज यांना बरं पडतं. हाडांतल्या आजाराला नाही. सध्या इंटरनेटवर ज्याला त्याला मास्ट सेल आजार असल्याची शंका येते, म्हणून विचारतो, तपासणी कोणती?

औषधशास्त्री
@न्यूजर्सीकर, रक्तातलं ट्रिप्टेज, म्हणजे मास्ट पेशींतून बाहेर पडणारं एक प्रथिन. त्रास सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत एक नमुना आणि पूर्ण बरं वाटल्यावर, निदान एक दिवस उलटल्यावर, दुसरा. पहिला आकडा दुसऱ्याच्या १.२ पट अधिक २ पेक्षा जास्त हवा. मूळ पातळी ५ असेल तर उसळीत ८ च्या वर. नुसती एकदा केलेली तपासणी फार काही सांगत नाही.

आई_अक्कलकोट
शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला लग्नाला नेण्याआधी असं काही देता येईल का? डबा तर देतेच.

छातीडॉक्टर
ताई, नाही. या गटातलं कुठलंही औषध त्यावर भरवशाचं नाही, आणि दिलं तर खोटा धीर येतो. शेंगदाणा टाळणं आणि जवळ अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, एवढंच. खाल्ल्यावर अंगभर गांधी उठून त्याबरोबर घरघर, उलट्या किंवा चक्कर आली तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रेनालिन, किलोमागे ०.०१ मि.ग्रॅ.; लहान मुलांत कमाल ०.३, मोठ्यांत ०.५. मुलाला आडवं ठेवा (धाप असेल तर बसतं), उभं करू नका, आणि थेट दवाखाना. गोळ्या शोधत बसायचं नाही. वजनानुसार मात्रा तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा.

टेस्टवाला
एक छोटं पण उपयोगी. त्वचेवर टोचून अ‍ॅलर्जी तपासायची असेल तर अँटिहिस्टामिन साधारण आठवडाभर आधी बंद करावं लागतं, आणि केटोटिफेन त्यातच मोडतं. सिरपला "दम्याचं औषध" समजून चालू ठेवलं की तपासणी खोटी कोरी येते. क्रोमोग्लायकेट आणि श्वासातली स्टेरॉईड यांनी फरक पडत नाही, ती बंद करू नका.

काउंटरवाला
सगळ्यांचे आभार. काउंटरवर लावायला यातून चार ओळी काढतोय. डोळ्यात रोजची खाज: दुहेरी थेंब, किंवा क्रोमोग्लायकेट पंधरा दिवस नेमाने. नाकात ठरलेल्या भेटीआधी. केटोटिफेन किमान दोन महिने, गाडी जपून. चालू अटॅकला यातलं काहीही नाही. बरोबर?

डोळस
पाचवी ओळ घाला: स्टेरॉईडचे थेंब चिठ्ठीशिवाय मिळणार नाहीत.

काउंटरवाला
घातली. त्यावर भांडणं होतील, होऊ देत.

लेन्सवाली
जाता जाता, थेंब फ्रिजमध्ये ठेवायचे का?

डोळस
गरज नाही. २५ अंशांखाली, उजेडापासून दूर, खोक्यातच. मे महिन्यात विदर्भात खोली एवढी गार राहत नाही, तेव्हा फ्रिजच्या दारात चालेल, फ्रीझरमध्ये नाही. गार थेंबाने खाजणाऱ्या डोळ्याला बरंही वाटतं. गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र कधीच नको.